लेसर करण्याआधी एकदा लेन्सकडे बघा

मागे आवाज येतोय ना? बरं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी हात वर करा. अरे वा, अर्धा हॉल. आता आपल्या डोळ्यात कुठल्या मटेरियलची लेन्स आहे हे ज्यांना माहितीये त्यांनीच हात वर ठेवा. बघा, सगळे खाली. एक काका अजून धरून बसलेत... काका, खरंच माहितीये की प्रश्न ऐकू आला नाही?

विषय असा की बसवलेली लेन्सच गढूळ झाली तर काय. आपल्याला वाटतं प्लॅस्टिकच तर आहे, त्याला काय होतंय, जन्माची सोय झाली. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे, तेव्हा उद्या सकाळी माझ्या दवाखान्यात रांग लावू नका.

पण लेन्सवर बोलायचं आणि रिडले साहेबांचं नाव घ्यायचं नाही म्हणजे मला जेवण जाणार नाही. हॅरॉल्ड रिडले, लंडनचे डोळ्यांचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात पायलट जखमी होऊन यायचे, कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या कडक प्लॅस्टिकचे, तुकडे डोळ्यात घुसलेले. त्यातला एक माउस क्लीव्हर, 1940 सालच्या ऑगस्टमधला. (सगळे स्पिटफायर स्पिटफायर करतात, हा हरिकेन विमानात होता, पण स्पिटफायर म्हटलं की गोष्ट रंगते म्हणून तेच चाललंय.) तर तुकडे आत राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही हे रिडलेंनी हेरून ठेवलं. पुढे एका विद्यार्थ्याने ऑपरेशन बघता बघता विचारलं, सर, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं नाही का बसवायचं? झालं. 29 नोव्हेंबर 1949, सेंट थॉमस हॉस्पिटल, पर्स्पेक्सची लेन्स, तीही गुपचूप. नंबर इतका चुकला की पेशंटला जबरदस्त मायनसचा चष्मा लागला, आणि नंतर मोठमोठ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं टीका केली ती वेगळीच. म्हातारपणी त्यांच्याच डोळ्यात त्यांच्याच हॉस्पिटलात लेन्स बसली आणि 2000 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, सरकारला सुचलं की यांना 'सर' करावं. आपल्याकडच्या पेन्शन फायलीसुद्धा लवकर हलतात हो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? पाच. बरं.

पर्स्पेक्स कडक, त्याला चीर मोठी लागायची. मग घडी घालून छोट्या चिरेतून आत सरकवायच्या लेन्स आल्या. त्यातला एक प्रकार हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरणारा, जवळजवळ पाव हिस्सा पाणीच. यात कधीकधी कॅल्शियम फॉस्फेट बसतं, गिझरच्या कॉईलवर क्षार बसतात तसं. 1990च्या दशकाच्या शेवटी हायड्रोव्ह्यू नावाच्या लेन्स अशा पांढऱ्या पडल्या, आणि शोधता शोधता बोट गेलं लेन्सच्या डबीच्या सिलिकॉन गॅस्केटकडे, म्हणजे सीलकडे! त्यातलं सिलिकॉन लेन्सवर चढायचं आणि त्यावर क्षार. शिवाय डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या किंवा कॉर्नियाच्या, म्हणजे पुढच्या पारदर्शक भागाच्या, ऑपरेशनमध्ये डोळ्यात हवा किंवा गॅस भरला तरी हायड्रोफिलिक लेन्सला हे होऊ शकतं. हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी न धरणाऱ्या, लेन्समध्ये पाण्याचे बारीक ठिपके चमकतात, ते आम्हाला दिसतात, पेशंटला बहुधा पत्ताही नसतो.

आता मुद्दा, घाईत सांगतो. ऑपरेशननंतर काही वर्षांनी धुरकट दिसायला लागलं की तुम्ही म्हणता मोतीबिंदू परत आला. बहुतेक वेळा लेन्समागची कॅप्सूल, म्हणजे लेन्स जिच्यात बसवतो ती पातळ पिशवी, जाड झालेली असते, तिला यॅग लेसरने भोक पाडलं की काम झालं, पाच मिनिटांत घरी. पण लेन्सच गढूळ असेल तर लेसरचा काडीचा उपयोग नाही. माझ्याकडे एक आजोबा आले, बाहेर लेसर करून, म्हणे फरक शून्य. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीतून, बघतो तर लेन्सभर पांढरी बारीक कणी आणि मागे कॅप्सूलला स्वच्छ गोल भोक. आता लेन्स बदलायची तर मागून डोळ्यातली जेली पुढे येणार, नवी लेन्स त्या पिशवीत नीट बसेलच असं नाही, ऑपरेशन दुप्पट अवघड. आधी बाहुली मोठी करून नीट बघितलं असतं तर हे टळलं असतं. तेव्हा लेसर सुचवला की सरळ विचारा, डॉक्टर, गढूळ काय आहे, लेन्स की कॅप्सूल? राग आला तर येऊ दे.

त्या आजोबांची लेन्स कुठली, तेही कळेना. लेन्सच्या डबीतून स्टिकर निघतो, कंपनी, मॉडेल, पॉवर, सीरियल नंबर, सगळं त्यावर. तो कुठे? तर मेडिक्लेमच्या फाईलला ओरिजिनल चिकटवून टीपीएकडे, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीकडे! झेरॉक्स नाही, मोबाईलमध्ये फोटो नाही. फ्रिजचं वॉरंटी कार्ड मात्र त्यांनी मला पिशवीतून काढून दाखवलं, हसू नका, तुमच्याही घरी हेच आहे.

काय म्हणता ताई, गढूळ झाली की बदलावीच लागते का? नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते पण रात्री समोरून गाडी आली की डोळ्यापुढे सगळं पांढरं, असंही होतं. किती त्रास होतोय, दुसरा डोळा कसाय, पडदा कसाय, यावर ठरतं, आणि आधी लेसर झालाय का यावर तर फारच. हो हो, थांबतो.