बारा फुटी ट्रुमन

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या ग्रीक लोकांच्या एका मंडळाबद्दल बोलायचंय. नाव लांबलचक आहे, अमेरिकन हेलेनिक एज्युकेशनल प्रोग्रेसिव्ह असोसिएशन. सगळे त्याला आहेपा म्हणतात, आपणही तेच म्हणू. स्थापना २६ जुलै १९२२, गाव अटलांटा, राज्य जॉर्जिया.

हे गाव तेवढं लक्षात ठेवा. ग्रीक वस्ती दाट होती ती न्यू यॉर्कला, शिकागोला. मग मंडळ अटलांटात का निघालं? तर त्या काळी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या दहशतवादी संघटनेचं मुख्य ठाणं अटलांटात होतं. क्लॅनचा राग काळ्या माणसांवर तर होताच, पण कॅथलिक, ज्यू आणि तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारा कुणीही परदेशी त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. ग्रीक माणूस तेव्हा खाणावळ चालवायचा, मिठाई विकायचा, बूटपॉलिश करायचा. अशा माणसाच्या दुकानावर बहिष्कार पडला की चूल विझलीच म्हणून समजा. त्याआधी १९०९ साली नेब्रास्कातल्या साउथ ओमाहात एका ग्रीक माणसाच्या हातून पोलीस मारला गेला, तर जमावानं अख्ख्या ग्रीक वस्तीवर हल्ला केला, दुकानं लुटली, जाळपोळ केली आणि लोकांना रातोरात गाव सोडावं लागलं. म्हणजे गावाकडच्या आठवणी काढत बसायला चार लोक जमले आणि मंडळ झालं, असं हे प्रकरण नाही. आहेपा भीतीपोटी निघाली. परत सांगतो, १९२२, अटलांटा, भीतीपोटी.

म्हणून त्यांनी काय ठरवलं? सभेचं कामकाज इंग्रजीत चालवायचं. सभासदांना अमेरिकेचे नागरिक व्हायला मदत करायची. सभासद होण्यासाठी चर्चची अट नाही. झालं, पुढच्याच वर्षी दुसरं मंडळ उभं राहिलं, गापा नावाचं. त्यांचं म्हणणं, सभा ग्रीकमध्येच आणि ग्रीकांचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ आधी. तुमच्यापैकी कुणी परमुलखात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीवर काम केलं असेल, तर हा वाद तुम्हांला नव्यानं समजावून सांगायला नको. माझं मत विचाराल, तर मुलांना गणपतीत स्टेजवर ढकलून भाषा टिकत नाही. घरातली भांडणं त्या भाषेत झाली तर टिकते. पण ते असो.

हो, आणि एक गंमत. सुरुवातीच्या काळातले आहेपाचे पदाधिकारी फेज टोपी घालायचे. लाल, गोंडा लावलेली, तुर्की टोपी! ज्या तुर्कांच्या राज्यातून सुटायला ग्रीकांनी लढाई केली, त्यांचीच. ही फॅशन अमेरिकेतल्या फ्रीमेसन नावाच्या बंधूमंडळाकडून उचललेली. अमेरिकन दिसायचं तर अमेरिकन बंधूमंडळांसारखं दिसायचं, असा हिशेब.

आपल्याशी संबंध जोडायचाच, तर एवढाच सांगतो. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्यानं गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. ग्रीकांना ते दार किलकिलं होतं, आणि आहेपानं त्यात पाय घालून ठेवला. १९२४च्या कायद्यानं ग्रीसमधून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला १०० माणसांवर आणला. पण जे आत होते ते आत होते. त्यांची वट इतकी वाढली की फ्रँकलिन रूझवेल्ट सभासद झाले, हॅरी ट्रुमन सभासद झाले, दोघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले.

आणि ट्रुमन म्हटलं की मला तो किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या स्टुडिओतल्या सगळ्यांनी तो ऐकलाय, ते आता बाहेर चहाला गेलेत.

१९४७. ग्रीसमध्ये यादवी चालली आहे, सरकार एका बाजूला, कम्युनिस्ट बंडखोर दुसऱ्या बाजूला. इंग्रजांनी कळवलं की आमच्याच्यानं आता हा खर्च झेपत नाही. १२ मार्चला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, उभे राहिले आणि ग्रीस-तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. मिळाले. शस्त्रं गेली, धान्य गेलं, पुढे युरोप सावरायला अमेरिकेनं काढलेल्या मार्शल योजनेचे पैसे गेले, आणि १९४९ मध्ये सरकारची बाजू जिंकली. अमेरिकेतल्या ग्रीकांना वाटलं, आपल्या ट्रुमननी आपला देश वाचवला. कृतज्ञता दाखवायची. कशी दाखवायची? पुतळा!

तर १९६३ मध्ये अथेन्समध्ये आहेपाच्या पैशानं ट्रुमनचा बारा फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकारही साधासुधा नाही, फेलिक्स द वेल्डन. आर्लिंग्टनला इवो जिमाच्या लढाईचं स्मारक आहे ना, सैनिक झेंडा रोवताहेत ते, ते यांचंच. पुतळ्यांबद्दल माझा एक नियम आहे. कुणाचाही उभारा, पण पुढची पन्नास वर्षं तो धुणार कोण, हे आधी लिहून घ्या. हा नियम मी कितीतरी समित्यांना ऐकवलाय. समित्या चहा पितात आणि पुढचा विषय घेतात.

आता अथेन्सच्या बाजूनं बघा. यादवीत हरलेले लोक काही हवेत विरले नव्हते. कुणी तुरुंगात, कुणी परागंदा, कुणाचा भाऊ डोंगरात गेलेला. १९४९ मध्ये ग्रामोसच्या डोंगरात सरकारी विमानांनी अमेरिकेकडून आलेला नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणारा दारूगोळा, टाकला होता. ज्यांच्या अंगावर तो पडला, त्यांच्या घरच्यांना रोज बसमधून जाताना ट्रुमन दिसणार. पुढे १९६७ला लष्करी कर्नलांनी सत्ता बळकावली, अमेरिकेनं त्यांच्याशी जमवून घेतलं. १९७४ला तुर्की फौजा सायप्रसमध्ये, म्हणजे बहुसंख्य ग्रीक लोकांच्या बेटावर, उतरल्या, अमेरिकेनं थांबवलं नाही. आता माणूस चिडला तर कुठे जाणार? वॉशिंग्टन लांब. ट्रुमन जवळ.

पुतळ्यावर रंग ओतून झाला, बाँब लावून झाले. १९८६ मध्ये तर स्फोटानं तो चौथऱ्यावरून खालीच आला. मग अथेन्सच्या नगरपालिकेत चर्चा, परत उभारायचा की नाही? नगरसेवकांचा ठराव झाला, नाही! आणि केंद्र सरकारनं तो परत उभारला. पुढे एप्रिल २०१८ मध्ये, अमेरिकेनं सीरियावर क्षेपणास्त्रं सोडली म्हणून मोर्चा निघाला, तो पुन्हा ट्रुमनकडेच. दोर बांधले, धातू कापायचं यंत्र पायाशी लावलं. पोलिसांनी अश्रुधूर सोडला म्हणून तो वाचला.

पण श्रोतेहो, या किश्श्यात मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. १९७४ला सायप्रसवरून अथेन्समध्ये लोक अमेरिकेवर भडकले होते, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या दारात कोण उभं होतं? आहेपा. तुर्कस्तानला शस्त्रं देणं थांबवा, म्हणून. त्यांनी आणि इतर ग्रीक मंडळांनी इतका तगादा लावला की काँग्रेसनं खरोखर बंदी घातली, फेब्रुवारी १९७५ पासून ती लागू झाली. म्हणजे पुतळा देणारे आणि पुतळ्यावर दगड मारणारे, त्या वर्षी दोघांचं भांडण एकाच सरकारशी होतं. एकानं आपल्या खासदाराला पत्र लिहिलं, कारण त्याला खासदार होता. इंग्रजीतल्या सभा आणि नागरिकत्वाच्या खटपटी कामाला आल्या त्या अशा.

याच मंडळानं युद्धानंतर ग्रीसला दुसरी एक गोष्ट दिली. थेसालोनिकीला रुग्णालय, १९५१ मध्ये सुरू झालेलं, आज विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे आणि नाव आहेपाच. ग्रीसमधला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला २६ फेब्रुवारी २०२०ला, तो तिथेच दाखल झाला. तिकडे अजून कुणी दोर घेऊन गेलेलं नाही.

वेळ संपत आली, काचेपलीकडून खुणा चालल्यात. तर भराभर सांगतो. शिष्यवृत्त्या आहेत. बायकांची शाखा आहे, डॉटर्स ऑफ पेनेलोपी, १९२९, सॅन फ्रान्सिस्को. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी निधी जमवतात, कारण भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत तो आजार फार. आपल्याकडे सिंधी आणि लोहाणा समाजांतही आहे, तेव्हा पत्रिका जुळवण्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करा, हेही माझं जुनं पालुपद. आणि सरकारी मदतीनं बांधलेल्या वृद्धांसाठीच्या इमारती आहेत, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत. तिथे खोली मिळायला ग्रीक असावं लागत नाही. वय ६२ किंवा त्याहून जास्त आणि मिळकत कमी, एवढं असलं की कुणालाही अर्ज करता येतो. नमस्कार.