दुसऱ्याच्या वतीने बोलताना

नमस्कार श्रोतेहो.

आज मला बोलायचंय फ्रीलान्सरांबद्दल. कुणाच्याच पगारपत्रकावर नसलेली, पण रोज कुणाच्या तरी वतीने बोलणारी ही माणसं. कुणी डिझायनर असतं, कुणी प्रोग्रॅमर, कुणी एखाद्या कंपनीचा जनसंपर्क बघतं, कुणी विक्रीची बोलणी करतं. काम आपल्या टेबलावर चाललंय तोवर काही अडत नाही. मग एक दिवस क्लायंट म्हणतो, "आमच्या ग्राहकाबरोबर मीटिंग आहे, तुम्हीच बोला ना आमच्याकडून." तिथून प्रश्न सुरू होतात, कारण समोर बसलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने आता तुम्हीच ती कंपनी असता.

माझं म्हणणं असं, की कंपनीच्या वतीने जरूर बोलावं, मन लावून बोलावं. त्यात स्वातंत्र्य जात नाही. वकील अशिलाची बाजू जीव तोडून मांडतो, म्हणून तो अशिलाचा नोकर होत नाही. पण वकिलाच्या हातात वकीलपत्र असतं आणि ते आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. फ्रीलान्सरला मात्र बहुतेक वेळा फोनवरच्या एका वाक्यावर मीटिंगला पाठवलं जातं. आपल्याला कुठवर बोलायची मुभा आहे हे त्याला माहीत नसतं, आणि समोरच्याला तर त्याहून नसतं.

अशा मीटिंगचा शेवट कसा होतो बघा. तासभर बोलणं छान झालेलं असतं. वही मिटता मिटता ग्राहक विचारतो, "मग महिनाअखेरीला मिळेल ना? आणि त्या दोन जादा स्क्रीन याच रकमेत धरायच्या ना?" खोलीत कंपनीचं दुसरं कुणीच नाही. काम तुम्हीच करणार आहात, महिनाअखेर जमेल हेही तुम्हाला माहीत आहे. "हो" अगदी ओठांवर आलेलं असतं.

तिथे थांबायला हवं. काम कधी होईल हे तुम्ही सांगू शकता, पण कंपनी ते कधी देईल ही तारीख कंपनीची आहे. मध्ये त्यांची तपासणी असेल, मंजुरी असेल, दुसऱ्या कुणाचं काम तुमच्या आधी उरकायचं असेल. रकमेबद्दल तर बोलायलाच नको. कंपनीने आपल्या वागण्यातून एखाद्याला आपला माणूस म्हणून पुढे केलं आणि समोरच्याने रास्त विश्वासाने त्याचा शब्द धरला, तर आतून त्याला तसा अधिकार दिलेला नसला तरी कंपनी त्या शब्दाला बांधली जाऊ शकते. हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आहे. म्हणजे तुमच्या एका "हो"ची किंमत क्लायंट मोजणार, आणि मग तो तुमच्याकडेच वळणार.

अशा वेळी सरळ सांगावं, "माझ्याकडचं काम महिनाअखेरीपर्यंत होईल. तारीख आणि रक्कम मात्र कंपनी कळवेल, मी आजच त्यांच्या कानावर घालतो." यात कमीपणा नाही. उलट ग्राहकाचा भरवसा वाढतो, कारण कोणता शब्द कुणाचा हे त्याला नीट कळतं. आणि ही वेळ येण्याआधीच क्लायंटला दोन ओळींची मेल टाकावी: मीटिंगमध्ये मी कशाला होकार देऊ शकतो, कशाला नाही, आणि अडलं तर फोन कुणाला करू. उत्तर आलं की ती मेल जपून ठेवावी. तेच तुमचं वकीलपत्र.

आता स्वातंत्र्याबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं, कंपनीचा ईमेल आयडी घेतला नाही, ओळखपत्र वेगळं ठेवलं, करारात 'स्वतंत्र कंत्राटदार' असं लिहून घेतलं, की झालं. मायक्रोसॉफ्ट कंपनीचं प्रकरण इथे आठवण्यासारखं आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही कंपनी अनेक फ्रीलान्सरांकडून काम करून घेत होती. आपण स्वतंत्र आहोत, अशा करारावर त्यांच्या सह्या होत्या. त्यांच्या बिल्ल्याचा रंग वेगळा होता, ईमेलचे पत्ते वेगळे होते, कंपनीच्या अधिकृत समारंभांना त्यांना बोलावणं नसायचं, आणि पैसे पगार म्हणून न मिळता त्यांनी दिलेल्या बिलांवर मिळायचे. पण रोजचं काम? नोकरदारांच्याच टीममध्ये, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली, त्याच वेळेत, कंपनीच्याच जागेत, कंपनीच्याच सामानावर. अमेरिकेच्या करखात्याने 1989 आणि 1990 मध्ये तपासणी केली आणि ही माणसं प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत असा निष्कर्ष काढला. पुढे खटला उभा राहिला आणि 2000 साली 9 कोटी 70 लाख डॉलरची तडजोड झाली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 2006 ची शिफारसही हेच सांगते. करारात नातं कसंही रंगवलेलं असो, प्रत्यक्षात काम कसं होतं आणि मोबदला कसा मिळतो ते पाहा. सूचना आणि नियंत्रण कुणाचं, वेळ कुणी ठरवली, साधनं कुणाची, पोट मुख्यतः याच एका कामावर चालतं का, नुकसानीची जोखीम कुणावर, अशी लक्षणं तिथे दिली आहेत.

म्हणून मला बिल्ल्यापेक्षा साध्या बोलण्याची काळजी जास्त वाटते. "पुढच्या आठवड्यात सुट्टी घेऊ का?" असं क्लायंटला विचारणारे कितीतरी फ्रीलान्सर आहेत. त्याऐवजी म्हणता येतं, "12 ते 16 तारखेला मी नाही. त्या दिवसांत ग्राहकांचे फोन तुमच्याकडे कोण घेईल?" क्लायंटची सोय दोन्हीकडे सारखीच होते, पण दुसऱ्या वाक्यात तुमचा वेळ तुमचा राहतो. कंपनीच्या वतीने बोलायचं काम घेतलं की ग्राहक कधीही फोन करेल या धास्तीने दिवसभर हजर राहायची सवय जडते. मग दर सोमवारची बैठक आली, मग हजेरी आली. हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच वेळीच दिसत नाही. फोन घ्यायच्या वेळा तुम्हीच ठरवून कळवाव्यात.

काही क्लायंट म्हणतात, "तुम्ही बाहेरचे आहात हे ग्राहकाला सांगू नका." माझं मत स्पष्ट आहे. आपणहून सांगितलं नाही तर चालेल. एखाद्या कामामागे कोणकोण आहे हे उघड न करणं हा कंपनीचा हक्क आहे. पण ग्राहकाने थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि हे क्लायंटला काम घेतानाच सांगायचं. सहीखाली 'स्वतंत्र सल्लागार' आणि त्याखाली कंपनीचं नाव, एवढं लिहायला बहुतेक कंपन्यांची हरकत नसते. विचारून तर बघा.

यातला सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे, काम आवडलेला ग्राहक हळूच म्हणतो, "पुढचं काम थेट तुम्हालाच दिलं तर? दोघांचेही पैसे वाचतील." स्वतंत्र असणं म्हणजे कुणाचंही काम घ्यायला मोकळं असणं, हे खरं. पण त्या खोलीत तुम्ही क्लायंटमुळे पोचलात. करारात या ग्राहकांकडून थेट काम घ्यायला मनाई आहे का ते आधी बघावं. नसली तरी पहिला फोन क्लायंटला करावा. तो कधी 'खुशाल घ्या' म्हणतो, कधी थोडा हिस्सा मागतो, कधी नाही म्हणतो. यातलं काहीही झालं तरी तुमच्याबद्दल कुठे वावगा शब्द निघत नाही. फ्रीलान्सरला पुढची कामं बहुतेक कुणी तरी नाव सुचवल्यामुळेच मिळतात. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी बोलायची पाळी आली, तर दोघांनाही काम हाती घेण्याआधी सांगावं. इथे मला दुसरा मार्ग दिसत नाही.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. काम संपतं, पण ग्राहकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर कंपनीच्या नावानेच साठवलेला असतो. चार महिन्यांनी तो तुम्हालाच तक्रार कळवतो आणि कंपनीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून शेवटचं बिल पाठवण्याआधी क्लायंटला विचारून प्रत्येक ग्राहकाला एक छोटा निरोप धाडा: या तारखेपासून मी या कामावर नाही, पुढे अमुक व्यक्तीशी बोला, त्यांचा नंबर हा. कंपनीचा ईमेल आयडी आणि पासवर्ड परत करा, ग्रुपमधून बाहेर पडा, आणि हे सगळं केल्याची एक मेल क्लायंटला पाठवा.