सेकंदाला तीस वेळा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या हिवाळ्यात शहराचा उजेड मागे टाकून रामटेकच्या रस्त्याला आम्ही आठ इंची दुर्बीण लावली होती. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, दिसला. पाटीवरचा खडू बोटानं पुसावा तसा भुरकट डाग. शेजारचा एक मुलगा सोबत होता. या डागाच्या मधोमध सेकंदाला तीस वेळा उघडझाप करणारा तारा आहे, असं मी त्याला आधीच सांगून बसलो होतो. बराच वेळ डोळा लावून तो म्हणाला, “काका, लुकलुकत काहून नाही?”

चूक माझीच. तो तारा आठ इंचीत दिसतच नाही, इतका मंद आहे. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी भरदिवसा दिसणारा ‘पाहुणा तारा’ नोंदवला होता. तो खरं तर एका ताऱ्याचा स्फोट. त्या स्फोटानंतर उरलेला हा गाभा. वजन सूर्याहून जास्त आणि व्यास वीसेक किलोमीटर, म्हणजे सीताबर्डीहून निघालात तर कामठीच्या थोडं पुढे.

असे गरगर फिरताना किरणांचे झोत टाकणारे, म्हणून ठरावीक वेळानं लुकलुकणारे तारे म्हणजे स्पंदतारे. ते १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीत सापडले. पण डोळ्याला कळणाऱ्या प्रकाशातली उघडझाप पहिल्यांदा पकडली ती जानेवारी १९६९ मध्ये, अमेरिकेत किट पीक नावाच्या डोंगरावर, ३६ इंची दुर्बिणीनं. कॉक, डिस्ने आणि टेलर हे ते तिघं. त्या रात्री टेपरेकॉर्डर चालूच राहिला, त्यामुळे त्यांचा आनंद, अविश्वास, सगळं टेपवर आहे. आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांना हेवा वाटावा असं ध्वनिमुद्रण!

काही आठवड्यांतच अमेरिकेतल्याच लिक वेधशाळेत तो तारा टीव्हीच्या पडद्यावर दिसला. युक्ती तुमच्या घरातलीच आहे. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली कूलरचा पंखा कधीकधी उलटा, सावकाश फिरताना दिसतो ना? ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून. लिकमध्ये कॅमेऱ्यापुढे खाचांची चकती फिरवली आणि तिचा वेग ताऱ्याच्या वेगाला जवळजवळ जुळवला. पडद्यावर तारा हळूहळू उजळायचा, हळूहळू विझायचा.

आता दुर्बिणीच्या मोठ्या आरशाचं. मृगाच्या पहिल्या शिंतोड्यात अंगणात एक वाटी ठेवा, एक परात ठेवा. तासाभरानं दोन्ही ओल्या झालेल्या असतील. पण ‘या एका क्षणात किती थेंब पडले?’ असं विचारलं, तर वाटी बहुतेक वेळा रिकामीच. सांगू शकेल ती परात. प्रकाशही असाच कणाकणानं येतो. क्रॅबमधल्या ताऱ्याचे, मिलिसेकंदाचा तुकडा घेतला तर, एक मीटरच्या आरशावर जेमतेम एक-दोन कण पडतात. दहा मीटरच्या आरशावर त्याच्या शंभरपट. लांबचं पाहायला मोठी दुर्बीण, हे आपण शाळेत शिकलो. घाईचं पाहायलाही तीच लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या १०.४ मीटर आरशाच्या दुर्बिणीला हायपरकॅम नावाचा कॅमेरा आहे. पाच रंगांत एकाच वेळी, सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेऊ शकतो. तरी ‘वेला’ नावाच्या तारकासमूहातला स्पंदतारा त्रास देतोच. फिरतो सेकंदाला अकरा वेळाच, पण क्रॅबपेक्षा शेकडो पट मंद. चिलीत ३९ मीटरचा आरसा उभा राहतोय, म्हणजे दहा मीटरवाल्याच्या पंधरापट मोठी परात.

त्या पोराला मी परत नेणार आहे. डिसेंबरात, रात्री नऊनंतर. आधी लालसर रोहिणी शोधायची, मग बैलाच्या शिंगाचं टोक. डाग तिथंच, अगदी जवळ. लुकलुकण्याचं मात्र या वेळी आधी काही बोलणार नाही.