सांबऱ्याहून अंदमान

[दृश्य: सांबरा, पहाटेची धावपट्टी]

बेळगावहून बागलकोट रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर सांबरा, बेळगावचा विमानतळ. ही धावपट्टी १९४२ सालची, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ब्रिटिश हवाई दलानं बांधलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये जपान्यांनी अंदमान घेतलं होतं. पुढे इथं हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं, २०१७ मध्ये ही नवी टर्मिनल इमारत झाली. विस्तारात शेतजमिनीही गेल्या.

[दृश्य: नकाशा, सांबरा ते अंदमान]

सांबऱ्याहून अंदमानच्या वीर सावरकर विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे २,०१० किलोमीटर. थेट विमान असतं तर पावणेतीन तासांत पोचलो असतो. थेट विमान नाही. बेंगळुरूला उतरून दुसरं धरायचं. पण नकाशा नीट बघा: सांबरा ते बेंगळुरू साधारण ४४५ किलोमीटर, तिथून अंदमान १,६४०. सगळा फेरा धरला तरी जेमतेम ७५ किलोमीटर जास्त! वाट वाकडी नाहीच. हवेत आपण चारेक तासच असतो. बाकीचा वेळ जातो तो दुसऱ्या विमानाची वाट बघण्यात, आणि वेळा जुळल्या नाहीत तर रात्र बेंगळुरूलाच.

[दृश्य: विमानाच्या खिडकीतून ढग, मग समुद्र]

चेन्नईची किनारपट्टी मागे पडली की खाली नुसतं पाणी. पावसाळ्यात या पट्ट्यात खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार वारे वाहतात. त्या दिवसांत जाताना वारा समोरून येतो, परतताना तोच पाठीशी असतो. एकाच वाटेला जाता-येता वेगळा वेळ लागतो तो त्यामुळे.

याच समुद्रातून 'महाराजा' बोटीनं सावरकरांना नेलं. ४ जुलै १९११ ला ते अंदमानात उतरले. चेन्नईहून जहाजानं जायचं तर आजही तीनेक दिवस मोडतात.

[दृश्य: सेल्युलर जेल, मधला मनोरा, कोठड्यांची रांग]

सात इमारती, ६९३ कोठड्या. आज तीनच इमारती उभ्या आहेत. १९५० साली सावरकरांना आपल्या बेळगावच्या तुरुंगातही ठेवलं होतं, त्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या माणसांना ही कोठडी परकी वाटत नाही. निवृत्त शिक्षक, भजनी मंडळं, पोराबाळांसकट अख्खी घरं इथं येतात.

[दृश्य: बंदर, दुपारचं ऊन]

इथला सूर्य बेळगावच्या बहात्तर मिनिटं पुढे चालतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, तेव्हा बेळगावात अजून तासभर ऊन असतं. दुपारी उशिरा पोचलेल्याचा तो दिवस गेलाच म्हणायचा.

म्हणून सांबऱ्याहून थेट विमान मिळेल तेव्हा मिळो. आत्ता एवढं झालं तरी पुरे: अंदमानचं विमान सुटायच्या दोन तास आधी बेंगळुरूला पोचवणारं पहाटेचं विमान, आणि दोन्ही प्रवासांचं एकच तिकीट. सामान सांबऱ्यात द्यायचं, अंदमानात घ्यायचं. धावपट्टी आहे, टर्मिनल आहे, जाणारी माणसं आहेत. जुळवायचं आहे ते फक्त वेळापत्रक.