गप्प बसणारे मूल आणि त्याच्या घरची भाषा

(बेळगाव तालुक्यातील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शिक्षक बंधुभगिनींनो, अंगणवाडीच्या ताईंनो आणि पालकांनो,

काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडून, जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीतून आलेली एक मुलगी होती. जून सरला, जुलै सरला, तरी हजेरीला मान हलवण्यापलीकडे तिने काही केले नाही. हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी तिच्या नावापुढे ‘बोलत नाही’ असे लिहून ठेवले होते. ऑगस्टमध्ये एका दुपारी माध्यान्ह आहाराच्या वेळी, ताट पुढे करून ती स्वयंपाकाच्या मावशींना सांगत होती, ‘‘मी काल आलो नव्हतो. गाय व्याली आमची. पाडी झाली.’’ मी दाराशी उभी राहून ऐकत होते, आणि मला शाळेचा दुसरा दिवस आठवला. त्या दिवशी ती असेच ‘मी आलो’ म्हणाली होती, मी साऱ्या वर्गासमोर ‘मुलींनी आले म्हणायचे’ असे बजावले होते आणि मुले हसली होती. तिचे मौन त्या क्षणी सुरू झाले होते आणि ते मी सुरू केले होते.

कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात अनेक घरांतल्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात. त्या मुलीची आई आणि आजी तसेच बोलत असणार. ही चूक नाही, ही त्या घरची मराठी आहे. पुस्तकातले रूप तिला यायलाच हवे, पण ते येण्याची वाट वेगळी आहे. ‘‘काल तू आली नव्हतीस होय? आणि पाडी कुठल्या रंगाची?’’ असे आपण सहज बोलत गेलो, तर प्रमाणरूप तिच्या कानावर पडत राहते, तिची गोष्टही अर्धवट तुटत नाही. मूल काय सांगते आहे त्याला आधी उत्तर द्यावे, कसे सांगते आहे त्याकडे नंतर पाहावे.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग कन्नडभाषक राज्यात आहे. मराठी शाळेतल्या मुलाला लहानपणापासूनच मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा, म्हणजेच तीन लिप्या, सांभाळाव्या लागतात. शिवाय आपल्या वर्गांत घरी कन्नड, उर्दू किंवा कोकणी बोलणारी मुलेही असतात. घरी कन्नड बोलणारा मुलगा ‘चाक’ आणि ‘चोर’ यांतला च ‘चिंच’मधल्या पहिल्या चसारखा उच्चारतो, तेव्हा त्याची जीभ जड नसते, कन्नडमध्ये आपला दंततालव्य च नाही, एवढेच त्याचे कारण असते. अशा मुलाला वेखंड उगाळून चाटवण्याची गरज नाही आणि वाचादोषाच्या यादीत घालण्याचीही नाही.

मग खरी अडचण ओळखायची कशी? मुलाला भाषेचीच अडचण असेल, तर ती त्याच्या सगळ्या भाषांत दिसते, केवळ शाळेच्या भाषेत नाही. म्हणून शिक्षकाने पहिला प्रश्न आईला विचारावा. घरी तो दिवसभराची हकिकत सांगतो का? ‘परड्यातून तांब्या आण आणि आजीला दे’ असे एका दमात सांगितले, तर दोन्ही गोष्टी करतो का? घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत गप्प असेल, तर बदल शाळेत करावा लागेल. घरीही वाक्य जुळत नसेल, तर मात्र थांबू नये, तपासणी करून घ्यावी. ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ या एका वाक्यापायी आपल्या गावांत मुलांची मोलाची वर्षे गेलेली मी पाहिली आहेत.

दोन भाषांमुळे मूल तोतरे होते हा समज खोटा आहे. या समजापायी पालक घरची मराठी बंद करतात आणि ज्या भाषेत आई मुलाशी मोकळेपणाने बोलू शकते तीच त्याच्यापासून काढून घेतात. जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९७९ पासून मांडलेली गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी: नव्या भाषेत खेळण्याबोलण्यापुरते येण्यास साधारण दोन वर्षे पुरतात, पण त्या भाषेत धडा समजून घेण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मैदानावर फाडफाड कन्नड बोलणारा मुलगा कन्नड धड्याला अडखळतो, तो आळशी आहे म्हणून नव्हे.

कानाचे पाहू. सर्दीपडशाने मधल्या कानात पाणी साचते आणि ऐकू येणे दिवसागणिक बदलते. आपल्याकडचा पावसाळा लांबलचक असतो. ‘मनात असले की ऐकतो’ असे ज्या मुलाबद्दल म्हटले जाते, त्याचे कान आधी तपासावेत आणि तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवावे.

वाचनाविषयी थोडे. ‘कि’ची वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, मराठी जोडाक्षरात बहुधा पहिले अक्षर अर्धे होते, तर कन्नडमध्ये दुसरे व्यंजन खाली ओत्तक्षर म्हणून लागते. बहुतेक मुले हे पेलतात. ज्यांना अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाते, त्यांच्यासाठी हा भार तिप्पट होतो, आणि आपण त्यांना ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा अक्षमता आणि स्वमग्नता यांचा स्पष्ट समावेश आहे. वर्गात अशा मुलाला तोंडी उत्तर देऊ द्यावे, फळ्यावरचे सगळे उतरवून घेण्याची सक्ती करू नये.

उद्यापासून प्रत्येकाला करता येईल असे एक सांगते. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा. मेरी बड रो या शिक्षण-अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत पाहिले, की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलतात. घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेत शब्द शोधणाऱ्या मुलाला हे तीन सेकंद लागतातच. अडखळणाऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, ‘सावकाश बोल’ असेही म्हणू नये. त्याच्याकडे पाहत ऐकावे.

तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आपल्याच राज्यात आहे. मात्र मराठी घरातल्या मुलाला केवळ कन्नडमध्ये प्रश्न विचारून ‘समजत नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून मुलाबरोबर जी चिठ्ठी द्याल, तिच्यावर जागा नसली तरी वरच्या कोपऱ्यात हाताने लिहा: घरची भाषा मराठी, कन्नड अजून शिकत आहे. आणि शक्य असेल तर आईला सोबत पाठवा.