सही कुणाची, पैसा कुठला: बी.ए.ला स्थानिक शासन शिकताना

मंडळी, मागच्या महिन्यात आपल्या इंदूरच्या राजवाड्याजवळ एक काकू भेटल्या, सोबत नात होती, आणि त्या म्हणाल्या की हिने बी.ए.ला लोकप्रशासन घेतलंय, त्यात स्थानिक शासन आणि विकास प्रशासन असं काय काय आहे, तर त्यात शिकवतात तरी काय आणि पुढे त्याचं करायचं काय. रस्त्यात उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण माझं मन काही भरलं नाही, म्हणून आज इथे बोलायला बोलावलं तेव्हा मी हाच विषय मागून घेतला.

आधी माझी गोष्ट सांगते. बाबा गेले तेव्हा मी एम.ए. झालेली होते, पंचायत राजवरच्या समित्या, म्हणजे बलवंतराय मेहता समिती १९५७, अशोक मेहता समिती १९७८ ला अहवाल, सिंघवी समिती १९८६, सगळं तोंडपाठ, मार्कही चांगले. घर आईच्या नावावर करायचं होतं. एका कचेरीत गेले तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ये तो इधर का नहीं है," दुसरीकडे गेले तर तिथलं म्हणणं की आधी पहिलीकडचा कागद आणा. चार चकरा झाल्या आणि आई प्रत्येक वेळी विचारायची की अगं तू तर हेच शिकलीस ना. मला नंतर कळलं की जमिनीची नोंद तहसीलची, ती भू-राजस्व संहिता १९५९ प्रमाणे चालते, आणि मालमत्ता कराच्या खात्यावरचं नाव निगमचं, म्हणजे महानगरपालिकेचं, ते नगरपालिक निगम अधिनियम १९५६ प्रमाणे, दोन्हीकडे शब्द एकच, नामांतरण, पण कायदा वेगळा, फाइल वेगळी, सही करणारा वेगळा. हे मला पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी वर्गात पहिल्या दिवशी सांगते की समिती नंतर, आधी एवढं शोधा की सही कुणाची आणि पैसा कुठला.

आता आपल्या मराठी घरातल्या मुलांची एक खास अडचण असते ती सांगते, कारण दर वर्षी कुणी ना कुणी यात अडकतं. घरात कुणीतरी पुण्याहून पुस्तक आणून देतं, किंवा आपल्या वाचनालयात मराठी पुस्तक मिळतं, भाषा सोपी वाटते म्हणून मुलं तेच वाचतात. पुस्तक उत्तमच असतं पण ते महाराष्ट्राचं असतं. त्यात वसंतराव नाईक समिती असते, १ मे १९६२ ला सुरू झालेली जिल्हा परिषद असते, पंचायत समिती, ग्रामसेवक, नगरसेवक असतात. आपल्याकडे मध्य प्रदेशात त्याच जागी जिल्हा पंचायत, जनपद पंचायत, सचिव, पार्षद. हा नुसता शब्दांचा फरक असता तर मी एवढी बोलले नसते. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकेत महापौर नगरसेवक निवडतात, आणि आपल्या इंदूरचा महापौर आपण थेट मत देऊन निवडतो, मग तो आपल्या मर्जीतल्या पार्षदांची मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे शहराचं मंत्रिमंडळच म्हणा, बनवतो. म्हणजे सत्ता कुठून येते इथपासूनच फरक आहे. तर ती पुस्तकं वाचा, जरूर वाचा, दोन राज्यं शेजारी ठेवली की विषय छान उलगडतो, पण पेपरात आपल्या जिल्ह्याबद्दल विचारलं असेल तर पंचायत समिती लिहून येऊ नका.

संविधानाचा भाग तुम्हाला कॉलेजात नीट शिकवतीलच. पंचायतींची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू, शहरांची ७४ वी १ जून १९९३ पासून, अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय, बाराव्या अनुसूचीत शहरांचे १८. हे पाठ करायचं, त्याला इलाज नाही. पण पाठ करून झालं की मग बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय बघा, नगर नियोजन. आणि मग विचारा की इंदूरचा मास्टर प्लॅन कोण करतं? निगम नाही करत. राज्य सरकारचा नगर तथा ग्राम निवेश विभाग करतो, १९७३ च्या अधिनियमाखाली. स्कीम टाकून प्लॉट पाडतं ते विकास प्राधिकरण, त्याचे अध्यक्षही आपण निवडून दिलेले नसतात. वीज वितरण कंपनीची, मेट्रो केंद्र आणि राज्याच्या भागीदारीतल्या मेट्रो कंपनीची, आणि रस्ता खोदला, लाइट गेली, ड्रेनेज तुंबलं, काहीही झालं की आपण फोन कुणाला करतो? पार्षदाला. बिचारा पार्षद त्यातल्या निम्म्या गोष्टींना हातही लावू शकत नाही. मी मुलांना सांगते की आपल्या घरासमोर उभं राहा, जमिनीखाली आणि डोक्यावर काय काय जातंय ते लिहा आणि प्रत्येकापुढे मालकाचं नाव लिहा. जी कॉलनी बिल्डरने निगमला हस्तांतरित केलेली नाही तिथल्या मुलांची यादी तर फारच बोलकी निघते, कारण तिथे टॅक्स भरतात आणि रस्त्याचा मालक कोण हे तरीही ठरत नाही. कागदावर दिलेला अधिकार आणि हातात आलेला अधिकार यात किती अंतर आहे ते या एका वहीच्या पानावर दिसतं, आणि माझ्या मते तीन वर्षांतला हा सगळ्यात मोठा धडा आहे.

तसंच पाणी. आपण सकाळी नळ उघडतो ते पाणी सत्तर किलोमीटरवरून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, नर्मदेचं. १९७० मध्ये त्यासाठी शहराने आंदोलन केलं होतं, इथे बसलेल्यांपैकी काहींच्या आईवडिलांनी त्यात घोषणा दिल्या असतील, आणि १९७८ ला पाणी आलं. पण नर्मदा खाली आणि आपण वर माळव्याच्या पठारावर, म्हणजे प्रत्येक बादली पंपाने वर चढवायची, त्याचं वीजबिल दर महिन्याला कोट्यवधींचं. मग २०२३ च्या फेब्रुवारीत निगमने ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, २४४ कोटींचे, जे साध्या गुंतवणूकदारालाही घेता येत होते, आणि ते पैसे जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करण्यासाठी. आता बघा, भूगोल, आंदोलन, वीजदर, कर्जरोखे, राज्याची परवानगी, करवसुलीवरचा भरवसा, हे सगळं एका बादलीत आलं. विकास प्रशासन म्हणजे नेमकं काय असं मला कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगण्याऐवजी जलूद सांगते. व्याख्याही आहे हं, हा शब्दप्रयोग यू. एल. गोस्वामींनी १९५५ मध्ये वापरला, पुढे वाइडनर आणि रिग्ज या अमेरिकन अभ्यासकांनी तो मोठा केला, परीक्षेत ते हमखास येतं.

रिग्जबद्दल एक मिनिट. मुलं त्याला घाबरतात, प्रिझमॅटिक समाज, साला मॉडेल, शब्द अवघड. पण तो सांगतो काय तर आपल्यासारख्या समाजात कचेरीला नियमांची पाटी असते पण आत घरची, जातीची, ओळखीची नातीही त्याच खोलीत बसलेली असतात. "अरे, कुणी ओळखीचं आहे का तिथे?" हे वाक्य ज्याच्या घरात बोललं जातं त्याला रिग्ज कळायला वेळ लागू नये.

आणि आपल्या शहराचं म्हणाल तर इथे हा विषय शंभर वर्षं जुना आहे. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा नगररचनाकार, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात इथे आला होता, त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. तेव्हा प्लेगची साथ होती. त्याने दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की मिरवणुकीचा रस्ता ठरेल तो स्वच्छतेवरून, जी गल्ली जास्त स्वच्छ तिकडून मिरवणूक जाणार. लोकांनी घरं, गल्ल्या झाडून काढल्या, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ नव्या कपड्यांत, फुलांच्या माळा घालून चालले, आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचा पुतळा जाळला. आता २०१७ पासून आपण वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिले येतोय, देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस बनवण्याच्या क्षमतेचा प्लांट आहे, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण विद्यार्थ्याने अभिमानाच्या पुढे एक पाऊल जावं, ८५ वॉर्डांत सकाळी फिरणाऱ्या त्या गाडीवरची माणसं कुणाच्या पगारावर आहेत, कायम की कंत्राटी, आजारी पडली तर काय, हे विचारावं. गेडिसने सफाई कामगारांना मिरवणुकीत मानाने चालवलं होतं, मग आपल्या प्रोजेक्टमध्येही ती माणसं दिसायला हवीत.

आता गावाकडे. नव्या शिक्षण धोरणानंतर, म्हणजे आपल्या राज्यात २०२१ पासून, बी.ए.च्या मुलांना प्रोजेक्ट, इंटर्नशिप असं काहीतरी करावं लागतं, आणि बरीच मुलं ते इंटरनेटवरून उतरवून बाइंडिंग करून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून गेल्या वर्षी मी दहा जणांना देपालपूर जनपदमधल्या एका गावात ग्रामसभेला घेऊन गेले. जायच्या आधी सगळ्यांना मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडायला लावलं, २०२० मध्ये सुरू झालेलं पोर्टल आहे, त्यात कुठल्याही पंचायतीची योजना आणि खर्च कुणालाही दिसतो, पासवर्ड लागत नाही. तर मुलांनी त्या गावाच्या नाल्या, हापसे, पेमेंटच्या तारखा वहीत उतरवून घेतल्या.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घातलेली होती, माणसं खुर्च्यांवर आणि बायका खाली, डोक्यावर पदर. बायकांचं म्हणणं होतं की शाळेला कंपाउंड करा, गुरं आत येतात, पोरं घाबरतात. दोन वेळा म्हणाल्या, तिसऱ्यांदा जरा चिडून म्हणाल्या. सचिव म्हणाला पैसा नाही. आमची एक मुलगी उठली, तिच्या वहीत आकडा होता, ती म्हणाली की खात्यात पैसा तर दिसतोय. सभा एकदम गप्प. सचिवाने रजिस्टर मिटलं, राग नाही आला त्याला, उलट बोटांवर मोजत समजावून सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा आहे, २०२१ ते २०२६ चा, त्यातला ६० टक्के बांधलेला आहे, पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, नाली होईल, सोकपिट म्हणजे शोषखड्डा होईल, कंपाउंड नाही होणार. उरलेले ४० टक्के मोकळे, पण ते आधीच एका रस्त्याला लावलेत, त्याचं एस्टिमेट जनपदच्या उपयंत्र्याकडे, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअरकडे, पडून आहे, तकनीकी स्वीकृती, म्हणजे तांत्रिक मंजुरी, आली नाही. म्हणजे गावाने मागितलं एक, पैशावर चिठ्ठी लावलेली दुसरीच, आणि जे गावाच्या हातात होतं तेही एका टेबलावर थांबलेलं. परत येताना बसमध्ये मुलं त्यावरच भांडत होती, अर्धी म्हणे बांधलेला पैसा हवाच नाहीतर पाण्यावर कुणी खर्चच करणार नाही, अर्धी म्हणे मग ग्रामसभा कशाला भरवता. मी मुद्दाम काही बोलले नाही. मला स्वतःला दुसऱ्या बाजूचं पटतं, पण गावातल्या पाण्याची टाकी बघितल्यावर पहिली बाजूही सोडवत नाही.

अजून एक गोष्ट त्याच दिवशीची. पंचायतीचं पेमेंट आता चेकने होत नाही, सरपंच आणि सचिव या दोघांच्या डिजिटल सहीने होतं, ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते, पेन ड्राइव्हसारखी. आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, पण सरपंचपती, म्हणजे सरपंच बायको आणि कारभार नवऱ्याचा, हा शब्दही सगळ्यांनी ऐकलेला आहे. म्हणून मुलांना मी सांगून ठेवलं होतं की महिला सरपंच असेल तर भाषण ऐकत बसू नका, आदराने विचारा की डोंगल कुठे असते. आमच्यातल्या एकाने विचारलं, चाचरत. सरपंचबाई पन्नाशीच्या असतील, सभाभर फार बोलल्या नव्हत्या, त्यांचे यजमान शेजारीच खुर्चीवर होते. त्यांनी कमरेचा बटवा सोडला, सुपारी बाजूला केली, रुमालात गुंडाळलेली डोंगल काढून तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "म्हारा कने ई है," म्हणजे माझ्याकडेच आहे. पासवर्डही त्यांनाच ठाऊक होता, मुलाकडून शिकून घेतला होता म्हणे. व्हरांड्यात बसलेल्या बायका हसल्या, खुश होऊन हसल्या. मी इतकी वर्षं महिला आरक्षणावर लेक्चर देते, त्या तळहाताएवढं स्पष्ट मला कधी मांडता आलेलं नाही.

काकूंनी पुढे याचं काय करायचं ते विचारलं होतं, तर राज्य सेवा परीक्षेतून जनपदचे मुख्य कार्यपालन अधिकारी होता येतं, त्या तयारीत हा विषय कामी येतो. पण सगळ्यांनी अधिकारीच व्हायला हवं असं मला अजिबात वाटत नाही. कुणी पत्रकार होईल, कुणी वकील, कुणी घरचं दुकान सांभाळेल, त्याला निगमचं बजेट वाचता आलं तरी तीन वर्षं सत्कारणी लागली.

त्या गावात आम्ही यंदा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पुन्हा जाणार आहोत, उपयंत्र्याकडचं ते एस्टिमेट सुटलं की नाही आणि कंपाउंडचं काय झालं ते बघायला. इथल्या मुलामुलींपैकी ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी आठला गंगवाल बसस्टँडवर या, वही, पेन, पाण्याची बाटली घेऊन, आणि निघायच्या आधी त्या पंचायतीचं पान मोबाइलवर वाचून या. काकू, नातीलाही पाठवा.