पत्रे ठोकण्याआधीचे तीन कागद

नमस्कार श्रोतेहो.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला तिकीट लागत नाही. गिरगाव चौपाटीवर भेळ घ्या नाहीतर घरचा डबा उघडा, कुणी उठवत नाही. ज्या शहरात खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचेही पैसे मोजावे लागतात, तिथे ही चैनच म्हणायची. पण अशाच एखाद्या मोकळ्या जागेभोवती एक दिवस पत्रे ठोकले जातात आणि मग लोक विचारायला लागतात, हे ठरलं कधी? ठरलेलं असतं बरंच आधी, कागदावर. असे तीन कागद कसे वाचायचे, त्यात फसगत कुठे होते आणि हरकत किती दिवसांत घ्यायची, ते आज पाहू.

पहिला कागद मालमत्ता पत्रक. गावाकडे सातबारा, तसं शहरात हे प्रॉपर्टी कार्ड. त्यासाठी जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक लागतो. पत्रकावर धारकाचं नाव आणि सत्ता प्रकार हे दोन रकाने आधी बघा. जमीन सरकारची आहे, महापालिकेची आहे, बंदराची आहे की खासगी, यावर पुढचा अर्ज कुणाच्या टेबलावर जाणार ते ठरतं. जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असेल तर कशासाठी दिली, हे पट्ट्याच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. सरकारने खेळासाठी दिलेल्या जागेवर लग्नाचे मांडव पडत असतील तर तो शर्तभंग आहे, आणि त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तो कागद नुसता फिरत राहतो.

दुसरा कागद विकास आराखड्याचा. महापालिकेकडे शुल्क भरून त्या सिटी सर्व्हे क्रमांकाचा डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या जागेबद्दल काय म्हटलं आहे याचा लेखी दाखला, मागता येतो. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्यात मोकळ्या जागांना सांकेतिक अक्षरं आहेत. ‘ईओएस’ म्हणजे आज प्रत्यक्षात असलेली मोकळी जागा, ‘आरओएस’ म्हणजे मोकळी जागा म्हणून आरक्षित, पण अजून तशी झालेली नाही. या एका अक्षरात फार मोठा फरक आहे. आरक्षित जागा खासगी मालकीची असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ लागू होतं. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे कुणी काही न करताच बाग जाते! त्यामुळे आपल्या भागातल्या आरक्षित भूखंडांवर अशा सूचना आल्या आहेत का, आणि आल्या असतील तर कोणत्या तारखेला, हे विचारत राहायला हवं.

आराखडा मध्येच बदलायचा असेल तर बहुतेकदा याच अधिनियमाचं कलम ३७ वापरलं जातं. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकतींसाठी एक महिन्यापर्यंत मुदत मिळते. सूचनेची भाषा अशी असते की वाचणाऱ्याला झोप यावी. ‘अमुक सिटी सर्व्हे क्रमांकाची जमीन उद्यान या आरक्षणातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करणे’, एवढंच. जागेचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव त्यात क्वचितच सापडतं. म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या सगळ्या मोकळ्या भूखंडांचे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. सूचना आली की यादीशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात.

इथे एक चूक हटकून होते. लोक आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. तेवढ्यात हरकतीची मुदत सरते. त्यापेक्षा नकाशा आणि प्रस्ताव कोणत्या कार्यालयात पाहायला ठेवला आहे ते सूचनेतच वाचा, तिथे जाऊन बघा आणि हरकत लिहा. माहितीचा अर्ज जोडीला चालू दे. हरकत एका पानाची पुरे. भूखंडाचा क्रमांक, सूचनेची तारीख, आज जागेचा वापर काय आहे, बदलाने नेमकं काय जाईल, आणि शेवटी ‘मला सुनावणी हवी आहे’ हे वाक्य. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स दिल्या तर अहवालात त्यांची एक ओळ होते. जाळी सुकवणारा कोळी, सकाळी चालणाऱ्या आजी, मैदानावरचा प्रशिक्षक, प्रत्येकाने आपला वापर आपल्या शब्दांत लिहिला तर तेवढे मुद्दे नोंदवावे लागतात. हरकतींना वजन असतं. २०१५ च्या फेब्रुवारीत आलेला मुंबईचा प्रारूप आराखडा चुकांनी भरलेला होता. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला सांगितलं.

तिसरा कागद किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा, म्हणजे सीआरझेडचा नकाशा. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम, पहिल्यांदा आला १९ फेब्रुवारी १९९१ ला, नंतर २०११ ला आणि पुन्हा १८ जानेवारी २०१९ ला नव्याने लिहिला गेला. समुद्राच्या बाजूला भरती रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत तो लागू होतो. खाडीकाठी आधी शंभर मीटर होते, २०१९ ला पन्नास झाले. खाडी त्याहून अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतकंच. शहरातला बांधलेला किनारा सीआरझेड दोनमध्ये येतो. तिथे जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडल्या बाजूलाच बांधकाम चालतं, समुद्राकडल्या बाजूला नाही.

मग कुणाच्याही मनात येईल, समुद्राकडे आणखी एक रस्ता बांधला की झालं! नियम लिहिणाऱ्यांनाही ते सुचलं होतं. जुन्या रस्त्याच्या समुद्राकडे नवा रस्ता झाला, तर त्या नव्या रस्त्याच्या जमिनीकडल्या बाजूला इमारतीला परवानगी देऊ नये, असं अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे. कोस्टल रोडच्या बाबतीत हे वाक्य पाठ असावं. मरीन ड्राइव्ह ते वरळी या साडेदहा किलोमीटरच्या रस्त्यासाठी समुद्रात शंभर हेक्टरहून जास्त भराव पडला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये काम पुढे जाऊ दिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये भरावावर बागा, पायवाटा अशा सोयींना मुभा दिली, निवासी किंवा व्यापारी वापराला दिली नाही. आता लक्ष ठेवायचं ते ‘सोयी’ या शब्दावर. स्वच्छतागृहाला लागून उपाहारगृह येतं, उपाहारगृहापुढे खुर्च्या, खुर्च्यांभोवती कुंड्या, आणि कुंड्यांच्या पलीकडे एक रखवालदार उभा राहतो. कुठल्याच टप्प्यावर इमारत झालेली नसते, फक्त लोकांना आत जाता येत नाही.

बांधकाम किती चालेल याचा आकडा २०११ च्या अधिसूचनेत मुंबईसाठी दिलेला आहे. सीआरझेड दोनमधली आराखड्यातली मैदानं आणि बागा ना-विकास क्षेत्र धरायच्या, त्यावर फक्त नागरी सुविधा, स्टेडियम, व्यायामशाळा अशा गोष्टींना पंधरा टक्के चटई क्षेत्र, निवासी आणि व्यापारी वापर वर्ज्य. हिशेब करून बघा. दोन हजार चौरस मीटरच्या मैदानावर सगळे मजले मिळून तीनशे चौरस मीटर. दीडशेच्या तळावर दोन मजले झाले की कोटा संपला. ‘छोटासा क्लब’ म्हणून आलेला नकाशा या आकड्याशी ताडून पाहा.

वाळूवरच्या तात्पुरत्या झोपड्यांना, म्हणजे शॅकना, २०१९ च्या नियमात मुभा आहे, पण भरती रेषेपासून किमान दहा मीटर अंतर सोडून. आता भरती रेषा कुठली? उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोचतं ती. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी किनाऱ्यावर गेलात तर पाणी समुद्राकडे कितीतरी मागेच थांबलेलं दिसेल आणि शॅक कोरड्या जमिनीवर निवांत वाटेल. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत जा. मुंबईत या दिवसांत भरतीची वेळ दुपारी बारा-एकच्या आसपास येते, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. पाण्याने सोडलेली काडी-कचऱ्याची ओळ आणि एखादी न हलणारी खूण, दिव्याचा खांब म्हणा, कठड्याची पायरी म्हणा, एकाच फोटोत घ्या आणि टेपने अंतर मोजा. वादळी लाटेचा फवारा यात धरायचा नाही, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच सुनावणीत तो मुद्दा खोडून काढेल. अधिकृत रेषा केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थाच आखतात. आपल्या मोजणीचा उपयोग फेरतपासणी मागायला.

काही ठिकाणी ‘धूप थांबवायची’ म्हणून आधी भिंत बांधतात आणि भिंतीमागे सपाटी करतात. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पावसाळ्यात आत गेलेली वाळू दिवाळीनंतर किनाऱ्यावर परत यायची, तिला टेकायला उतारच उरत नाही. चौपाटी अरुंद होत जाते आणि मग म्हणतात, इथे चौपाटी होतीच कुठे.

किनाऱ्यावरच्या प्रकल्पांची छाननी महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण करतं. त्यांच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर येतात. दर महिन्याला एकाने ती चाळावीत. मंजुरीत घातलेल्या अटी उतरवून घ्या, कारण पुढे काम त्या अटींवरच अडवता येतं. मंजुरीच चुकीची वाटत असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. अपिलाची मुदत तीस दिवस, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ. त्यापुढे उशीर माफ करायचा अधिकार लवादालाही नाही. मंजुरीचा आदेश कधी जाहीर झाला आणि तुम्हाला तो कधी कळला, या दोन्ही तारखांचा पुरावा, निदान संकेतस्थळाच्या पानाची तारखेसह प्रत, त्याच दिवशी काढून ठेवा. तीन महिन्यांनी ते पान तिथे असेलच असं नाही.